किडनीच्या सर्व्हेला परदेशी भागीदार मिळतोय, सही करू का?

खारपाणवाली

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी विदर्भातल्या एका मेडिकल कॉलेजात पीएसएमला (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) असिस्टंट प्रोफेसर आहे. (ही नेमकी कशाची डॉक्टर, हे सासरी अजून कुणाला कळलेलं नाही.) माझं काम खारपाण पट्ट्यात चालतं. माहीत नसलेल्यांसाठी सांगते. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलाय. जमीन काळीभोर, पण विहीर खणली की खारं पाणी. ओलिताला निकामी, प्यायला त्याहून निकामी. "ढोरं बी तोंड लावत नाहीत मॅडम," असं सांगत लोकांनी तेच पाणी वर्षानुवर्षं प्यायलंय. इथे किडनीचे पेशंट जास्त आहेत असं पेपरात छापून येतं. जास्त म्हणजे किती, कुणापेक्षा आणि कशामुळे, हे मात्र बातमीत कधी सापडत नाही.

माझं काम सुरू झालं एका बाईमुळे. नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला घेऊन पहाटेच्या एसटीने यायची. जिल्हा रुग्णालयात डायलिसिस फुकट होतं, पण एसटी, डबा आणि बुडालेली मजुरी फुकट नसते. एकदा तिने मला विचारलं, "आमच्या गल्लीतले चार जण झाले आता. बाकीच्यांचं आधीच तपासता नाही येत का?"

येतं की. चार गावं, दोन इंटर्न, एक आशाताई (तिच्याशिवाय एकही दार उघडलं नसतं), कॉलेजचे थोडे पैसे आणि माझ्या पगारातले थोडे. सहाशे अकरा माणसांचं रक्त, लघवी, बीपी झालं. आकडे इथे देत नाही, पेपर व्हायचाय.

एका परिषदेत पोस्टर लावलं होतं. युरोपातल्या एका विद्यापीठाचे प्रोफेसर थांबून वाचत राहिले, कार्ड दिलं, आठवड्याभरात मेल आला. माणूस सभ्य, नावाजलेला. व्हिडिओ कॉलवर छान बोलले. मग पाच पानी करार आला. सगळे सीरमचे (रक्तातून वेगळ्या केलेल्या द्रवाचे) नमुने त्यांच्या लॅबला पाठवायचे, डेटा त्यांच्या सर्व्हरवर ठेवायचा आणि मी 'लोकल साइट लीड'. लेखकांत माझं नाव असेल, कितवं ते लिहिलेलं नाही. त्यांच्या आधीच्या अशा पेपरांत भारतीय नाव सातव्या-आठव्या जागी दिसतं. कॉलवर त्यांनी विचारलं, मार्चपर्यंत किती व्हायल्स पाठवू शकाल? पाणी कसलं आहे, हे विचारलं नाही.

आमचे एचओडी म्हणतात, "सही करून टाक. परदेशी नाव लागलं की तुझंच भलं." नवरा म्हणतो, नको. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, त्याला प्रत्येक करारात शॉर्टसर्किट दिसतं.

तर विचारायचं ते हे. अशा सहकार्याला सरकारी परवानगी लागते का? नमुने न देता सहकार्य होतं का? आणि मुख्य म्हणजे मला भागीदारापेक्षा शिकवणारं माणूस हवंय. माझ्या जिल्ह्यात किडनीच्या साथरोगशास्त्राचं कुणीच नाही. असा मेंटॉर कुठे शोधायचा?


टेबल क्रमांक चार

मी पुण्यात एका संशोधन संस्थेच्या ग्रँट विभागात आहे. कागद पुढे सरकवणं हा माझा धंदा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो. परदेशी संस्थेशी मिळून आरोग्याचं संशोधन करायचं असेल तर आयसीएमआरमार्फत हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटीची, म्हणजे एचएमएससीची मंजुरी लागते. आधी तुमच्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीची, मग ती. पैसे येणार नसले, फक्त नमुने जाणार असले तरीही लागते. नमुन्यांसाठी मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट वेगळं. त्यात नमुने कशासाठी वापरणार, उरलेल्यांचं काय करणार, हे स्पष्ट लिहून घ्या. 'फ्यूचर रिसर्च' हे दोन शब्द कुठे लपलेत ते भिंग घेऊन शोधा.

आणखी एक विचारतो. गावकऱ्यांकडून संमतिपत्र घेतलंत त्यात 'नमुने देशाबाहेर जाऊ शकतात' असं वाक्य होतं का? नसेल तर विषय तिथेच संपला, पुन्हा दारोदार जावं लागेल.

कॉलेज ट्रस्टचं असेल आणि पैसे येणार असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. त्यासाठी खातं दिल्लीत, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा एका संस्थेने घेऊन दुसरीला पुढे देता येत नाही. म्हणजे 'मुंबईची अमुक संस्था घेईल आणि तुम्हाला देईल' असं कुणी सुचवलं तर नम्रपणे चहा पाजून वाटेला लावा.

मार्च विसरा. कुठल्या वर्षीचा मार्च, ते त्यांना विचारा.


काणकोणकार

मी गोव्याचा, नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर. काणकोण तालुक्यात कारण न कळलेला किडनीचा आजार आहे, हे इथल्या बऱ्याच जणांनी वाचलं असेल. मधुमेह नाही, बीपी नाही, लघवीत प्रोटीन फारसं नाही आणि चाळिशीतला माणूस क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) आठ घेऊन येतो.

एकच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका टीमबरोबर वाड्यावर गेलो होतो. कुठली टीम ते जाऊ दे. एका म्हातारीने हात पुढे केलाच नाही. म्हणाली, "फाटल्या खेपेक व्हेल्लें रगत खंय गेलें?" मागच्या वेळी नेलेलं रक्त कुठे गेलं? आधी कोण येऊन गेलं होतं ते आम्हाला माहीतच नव्हतं. तिला मात्र तारीख पाठ होती, कारण त्या दिवशी तिच्या नातीचं बारसं होतं.

ताई, करारात एक कलम तुमच्याकडून घाला. प्रत्येक माणसाला त्याचा रिपोर्ट अमुक दिवसांत, त्याच्या भाषेत. याला विरोध करणारा भागीदार मला अजून भेटला नाही. पण स्वतःहून हे कलम घालणाराही भेटला नाही.


पंढरपुरी

मी संख्याशास्त्रवाला, गेली बारा वर्षं इंग्लंडात. किडनीच्या डेटावरच पोट भरतो. दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

आधी एक उलटा प्रश्न. तुमच्या लॅबमध्ये क्रिएटिनिन कुठल्या पद्धतीने होतं? याफे की एन्झायमॅटिक?

हा प्रश्न लेखकांच्या क्रमापेक्षा मोठा आहे. याफे पद्धत १८८६ ची. पिक्रिक अ‍ॅसिड घातलं की नारिंगी रंग येतो, तो मोजायचा. स्वस्त म्हणून आपल्याकडे सर्रास. पण रक्तातली साखर, प्रोटीन अशा इतर गोष्टीही त्या रंगात भर घालतात. मशीन नीट कॅलिब्रेट नसेल तर ०.२ चा फरक सहज पडतो. दशांश दोनने काय होतंय असं वाटेल. ४५ वर्षांचा पुरुष घ्या. क्रिएटिनिन १.३ असेल तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने (सीकेडी म्हणजे किडनीचा दीर्घकालीन आजार) त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, येतो ६९. तेच १.५ लागलं तर ५८. साठच्या खाली गेला, झाला पेशंट. माणूस तोच, किडनी तीच. गावातल्या सगळ्यांचं क्रिएटिनिन ०.२ ने वर सरकलं तर तुम्ही साथ शोधली नाहीत, मशीनची चूक शोधलीत.

त्यात ही सूत्रं आपल्या माणसांवर बेतलेली नाहीत. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. वाळलेला, भाकरी-ठेच्यावर जगणारा शेतमजूर आणि मांस खाणारा धष्टपुष्ट गोरा यांचं क्रिएटिनिन सारखं असलं तरी किडनी सारखी नसते. चंडीगढच्या पीजीआय या मोठ्या सरकारी इस्पितळात प्रत्यक्ष मोजलेल्या गाळण्याच्या वेगाशी (जीएफआरशी) ताडून पाहिलं तेव्हा सूत्रं आपली किडनी आहे त्याहून बरी दाखवतात असंच निघालं. म्हणजे एक चूक वर ओढते, दुसरी खाली. दोन्ही मिळून आकडा बरोबर येईल या भरवशावर पेपर लिहू नये.

आता नमुन्यांबद्दल. सहाशे अकराही पाठवायची गरज नाही. चाळीस-पन्नास निवडा, कमी, मध्यम, जास्त अशा सगळ्या पातळ्यांचे, आणि ते एन्झायमॅटिक पद्धतीच्या चांगल्या लॅबमध्ये पुन्हा करून घ्या. अशी लॅब भारतातही सापडेल, परदेशी जायलाच हवं असं नाही. दोन्ही आकड्यांतलं नातं कळलं की बाकीचे दुरुस्त करता येतात. सगळ्या व्हायल्स हव्यात असं कुणी म्हणालं तर त्याला क्रिएटिनिनपलीकडचं काहीतरी हवंय. हवं असण्यात गैर काही नाही, पण ते काय, हे लिहून मागा.

डेटा सर्व्हरवर देण्याचंही तसंच. सीकेडी प्रोग्नॉसिस कन्सॉर्शियम नावाचा मोठा गट २००९ पासून आहे. जगभरच्या लाखो लोकांचा डेटा त्यांनी एकत्र अभ्यासला. ज्या गटांना डेटा बाहेर द्यायचा नसतो त्यांना ते प्रोग्रॅमचा कोड पाठवतात. गटाने तो आपल्या संगणकावर चालवायचा आणि फक्त निकालांचे तक्ते परत द्यायचे. तुमच्या प्रोफेसरांना विचारा, कोड पाठवाल का? उत्तरावरून माणूस कळेल.

प्रश्नावलीही नव्याने रचत बसू नका. 'डिग्री' नावाचा अभ्यास-आराखडा आहे, लंडन स्कूल ऑफ हायजीनच्या मंडळींनी आणि इतरांनी मिळून केलेला, २०१७ मध्ये छापलेला. तो याच कामासाठी आहे. वेगवेगळ्या देशांत एकाच मापाने, मधुमेह-बीपी नसलेल्यांत किती जणांचा ईजीएफआर कमी, ते मोजायचं. आपल्याकडच्या जुन्या सर्व्हेंचा डेटा त्या पद्धतीने पुन्हा पाहिला तेव्हा (२०१९) एकूण १.६ टक्के आणि दक्षिणेतल्या ग्रामीण भागात ४.८ टक्के असं निघालं होतं. तुमची चार गावं त्या पट्टीवर कुठे बसतात, हे सांगता आलं तर पेपर उभा राहतो.

आणि हो, एकदा मोजून 'सीकेडी' म्हणू नका. तीन महिन्यांनी पुन्हा कमी आलं तरच 'क्रॉनिक'. मे महिन्यात दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाचं क्रिएटिनिन संध्याकाळी कसलंही येईल.

अवांतर: कारण न कळलेल्या किडनीच्या आजाराचं नाव काढलं की सगळे निकाराग्वा, एल साल्वाडोरच्या ऊस तोडणाऱ्यांची उदाहरणं देतील. ती वाचाच, पण एका वेगळ्या कारणासाठी. तिथली पहिली नोंद कुठल्या मोठ्या परदेशी प्रकल्पाने केली नाही. एल साल्वाडोरच्या एका सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी आपल्याच वॉर्डातल्या पेशंटांची यादी केली आणि बहुतेकांना नेहमीचं कारणच नाही हे २००२ मध्ये स्पॅनिशमध्ये छापलं. जगभरचे तज्ज्ञ एकत्र बसले ते २०१२ मध्ये, कोस्टा रिकात. पण खाऱ्या पाण्याच्या बाबतीत तुमच्या पट्ट्याचा भाऊबंद म्हणजे बांगलादेशचा किनारा. खुलन्याजवळ दाकोपला खाऱ्या पाण्याचा आणि गरोदर बायकांच्या बीपीचा संबंध दाखवणारं काम झालंय. नंतर २०१९ मध्ये त्याच किनाऱ्यावर, जरा खारं पाणी पिणाऱ्यांचं बीपी उलट कमी असंही निघालं. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यामागे असावं, असं त्यांनी मांडलं. तेव्हा 'खारं पाणी किडनी खातं' हे वाक्य पेपरवाल्यांना लिहू दे. तुम्ही आधी पाण्यात सोडियमबरोबर काय काय आहे ते मोजा.


खारपाणवाली

पंढरपुरी, तुमचा प्रतिसाद वाचून खाली लॅबमध्ये गेले. याफे आहे. शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, याचं रजिस्टर टेक्निशियनने दाखवलं. ती तारीख इथे लिहायची लाज वाटते. दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. परिषदेत परीक्षकांनी विचारलं होतं, पोस्टरचा फॉन्ट इतका लहान का?

टेबल चार, संमतिपत्रात ते वाक्य नाही. बुधवारी एथिक्स कमिटीच्या सेक्रेटरींना भेटतेय.


वांगीपोहे

एक कळत नाही. गोऱ्याने नाव सातवं टाकलं की शोषण. आणि आपल्याच एचओडीने एकदाही गावात पाय न ठेवता स्वतःचं नाव पहिलं टाकलं की 'सर, तुमच्या मार्गदर्शनाखाली'. मी पीएच.डी. देशातच केली. माझा डेटा पळवायला परदेशातून कुणी यावं लागलं नाही.


खारपाणवाली

वांगीपोहे, यावर मी इथे काही बोलणार नाही. सर हा धागा वाचत असण्याची शक्यता आहे.


ओसरीवरची बाई

मी निवृत्त प्राध्यापिका, मेडिसिनची. तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, बाकीचं वरच्या लोकांनी लिहिलंच आहे.

चांगलं सहकार्य पाहायचं असेल तर लांब जायला नको. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं, साउदॅम्प्टनच्या बार्कर आणि कॅरोलाइन फॉल यांच्याबरोबर. बायकांची नोंद गरोदर राहण्याच्या आधीपासून. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५. गर्भातल्या पोषणाचा मोठेपणीच्या आजारांशी संबंध असतो, ही मूळ कल्पना इंग्लंडची. पण आपलं बाळ वजनाने बारीक असूनही अंगात चरबी तुलनेने राखून असतं, ही गोष्ट पुण्यात दिसली आणि जगाने तिथून उचलली. तीस वर्षं उलटली, ती मुलं आता मोठी झाली तरी अभ्यास चालूच आहे. प्रश्न इथला, माणसं इथली, आणि परदेशी मंडळी येऊन-जाऊन नव्हे तर टिकून. (किडनीशीही त्याचा धागा आहे. गर्भात वाढ खुंटली की नेफ्रॉन (किडनीतल्या सूक्ष्म गाळण्या) कमी घेऊन मूल जन्मतं, हे किडनीतज्ज्ञ ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडलं. तुमच्या गावात साठीतल्या माणसाचं जन्मवजन कुणी सांगणार नाही म्हणा.)

आता मेंटॉर. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीचं सदस्यत्व घ्या. त्यांचा मेंटॉरशिपचा कार्यक्रम आहे, फेलोशिप आहेत, आणि सिस्टर रीनल सेंटर नावाची योजना आहे. त्यात एक उभं राहू पाहणारं केंद्र आणि एक जुनं केंद्र जोडतात. क, ब, अ अशा पायऱ्या चढत ते नातं काही वर्षं चालतं. फक्त त्यासाठी तुमच्या कॉलेजचा नेफ्रॉलॉजी विभाग सोबत हवा. एकट्या पीएसएमने अर्ज केलात तर वजन पडणार नाही. स्वतःच्या नावावर पैसा हवा असेल तर इंडिया अलायन्सच्या (भारत सरकार आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून चालवतात ती संस्था) क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्याच्या फेलोशिप पाहा. त्यात मुख्य नाव तुमचंच राहतं. अमेरिकेच्या फोगार्टी सेंटरचेही तरुण संशोधकांसाठी पुरस्कार आहेत, पण तिकडचं वारं बदलतंय. २०२५ च्या मे महिन्यात एनआयएचने (फोगार्टी जिचा भाग आहे ती अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) परदेशी संस्थांना पोट-अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली, तेव्हा कित्येकांचे चालू बेत अधांतरी लटकले. एकाच खुंटीला सगळं टांगू नका.

आणि मेंटॉर एकच असतो हे डोक्यातून काढा. मला तिघं होते. एक विदेशातले, वर्षातून चार मेल, पण प्रत्येक मेलमध्ये माझ्या तक्त्यातली एक चूक. एक शेजारच्या कॉलेजातल्या, त्यांच्याकडे मी रडायला जायचे. आणि तिसरा आमचा लॅब टेक्निशियन, ज्याने मला पिपेट धरायला शिकवलं. वर पंढरपुरींनी फुकटात जे केलं, तेच मेंटॉर करतो. त्यांना व्यक्तिगत निरोप पाठवा.


पंढरपुरी

बाई, मला उगाच चढवू नका. पण ताई, तक्ते पाठवा. नावं-गावं काढून, फक्त तक्ते. शनिवारी सकाळी मी मोकळा असतो, म्हणजे तुमची दुपार.


खारपाणवाली

(तीन आठवड्यांनी.) उशीर झाला, परीक्षा होत्या.

प्रोफेसरांना लांबलचक मेल लिहिला. पंढरपुरींनी त्यातली अर्धी विशेषणं कापली. अठ्ठेचाळीस नमुने, तेही एथिक्स आणि एचएमएससी झाल्यावर. डेटा इथेच, कोड त्यांनी पाठवायचा. पहिलं आणि करस्पॉन्डिंग नाव माझं. रिपोर्ट गावात मराठीत. मला वाटलं आता उत्तरच येणार नाही. चौथ्या दिवशी आलं. नमुने, कोड, रिपोर्ट, तिन्ही मान्य. "कोडची कल्पना आधीच सुचायला हवी होती," असंही लिहिलंय. नावांबद्दल लिहिलंय की हे समोरासमोर बोलू. म्हणजे अजून लोंबकळतंय. यावेळी त्यांनी पाण्याबद्दल दोन प्रश्न विचारले.

सरांना सांगितलं. "बघ बाई," एवढंच म्हणाले. पंधरा दिवस माझ्या रजेचा अर्ज टेबलावर पडून आहे. त्याचा याच्याशी संबंध असेल किंवा नसेल.

तीन महिन्यांनंतरची दुसरी तपासणी सोमवारपासून. आशाताईचा निरोप आलाय, कापूस वेचणी सुरू झालीय, सातच्या आत या, नाहीतर घरी फक्त कुलपं सापडतील. रिपोर्टचे कागद मराठीत छापायला टाकतेय. 'ईजीएफआर'ला मात्र धड शब्द सापडेना. 'अंदाजित केशिकागुच्छ गाळण दर' असं शब्दकोश सांगतो. ते वाचून माणूस तिथेच झोपेल. कुणाला सुचतंय का काही?


काणकोणकार

मी 'किडनीची गाळणी किती चालते' असं सांगतो आणि हाताने चहाची गाळणी धरल्यासारखं करून दाखवतो. कळतं.


पंढरपुरी

चालेल. फक्त आकड्यापुढे टक्क्याचं चिन्ह टाकू नका, ते टक्के नसतात.


खारपाणवाली

टाकलं होतं. आत्ताच प्रेसला फोन केला. दोनशे प्रती छापून झाल्यात, इंटर्नना व्हाइटनर घेऊन बसवतेय.